वाणीविलास सन्निधान : राणी, विधवा आणि राज्यकर्ती



बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळ, कृष्णराजेंद्र बाजाराच्या परिसरात, दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये शेजारी शेजारी उभी आहेत. एकाचे नाव व्हिक्टोरिया, दुसऱ्याचे वाणीविलास. पहिले १९०० साली सुरू झाले, दुसरे १९३५ साली. व्हिक्टोरिया म्हणजे इंग्लंडची राणी, हे कोणताही सुशिक्षित नागरिक सांगेल. वाणीविलास म्हणजे कोण, या प्रश्नाला मात्र तितकेसे निश्चित उत्तर मिळत नाही. या नावाने बसवनगुडीत एक रस्ता आहे आणि चित्रदुर्ग जिल्ह्यात एक विशाल जलाशय आहे. नाव सर्वत्र आहे. परंतु त्या नावामागची व्यक्ती लोकांच्या स्मृतीतून जवळजवळ पुसली गेली आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय ती व्यक्ती हा आहे.

तिचे मूळ नाव केंपनंजम्मण्णी. म्हैसूरच्या राजघराण्यात राणीला तिच्या जन्मनावाने न संबोधता एखाद्या ‘विलास’ किंवा महालाच्या नावाला ‘सन्निधान’ हे पद जोडून संबोधण्याची रीत होती. त्या रीतीप्रमाणे त्यांना ‘वाणीविलास सन्निधान’ हे नाव मिळाले. सन्निधान म्हणजे सान्निध्य, उपस्थिती. वाणी म्हणजे सरस्वती, आणि वाणी म्हणजे बोलणेही. ज्या स्त्रीच्या नावातच वाणी आहे, तिचे स्वतःचे शब्द लोकांपर्यंत फारच थोडे पोहोचले. जे पोहोचले ते दरबारी हुकूम, इमारती आणि धरणे यांच्या रूपाने. तेव्हा तिचे चरित्र सांगावयाचे म्हणजे या मूक साक्षीदारांना बोलते करावयाचे, एवढाच मार्ग उरतो.

एखाद्या राज्यप्रमुखाच्या पत्नीचे चरित्र वाचताना आपण बहुधा एक चूक करतो. तिला पतीच्या चरित्रातील एक प्रकरण समजतो. अमेरिकेसारख्या लोकसत्ताक देशातही हे घडलेले आहे. तेथे राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला मान पुष्कळ. परंतु राज्यघटनेत तिला स्थान नाही, वेतन नाही आणि अधिकारही नाही. म्हैसूरची गोष्ट नीट समजावी यासाठी प्रथम अमेरिकेतीलच एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल, कारण दोन्ही कथांचा आरंभ १८८१ या एकाच वर्षाशी येऊन मिळतो.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जेम्स गारफील्ड अमेरिकेचे विसावे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची पत्नी ल्युक्रेशिया ही ग्रीक व लॅटिन भाषा शिकलेली, विवाहापूर्वी शिक्षिकेचे काम केलेली, अबोल स्वभावाची स्त्री होती. २ जुलै रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकावर गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. स्वतः हिवतापाच्या दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या ल्युक्रेशियाने त्यानंतर एकोणऐंशी दिवस पतीची शुश्रूषा केली. १९ सप्टेंबरला त्यांचा अंत झाला. उपराष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी शपथ घेतली आणि ल्युक्रेशिया गारफील्ड त्याच क्षणी एक सामान्य नागरिक बनली. लोकांनी वर्गणी करून तिच्यासाठी व मुलांसाठी साडेतीन लाख डॉलरांहून अधिक निधी जमविला. ती ओहायो राज्यातील मेंटर येथील आपल्या घरी परतली. तिने त्या घराला एक ग्रंथालय जोडले आणि पतीची सर्व कागदपत्रे अग्नीपासून सुरक्षित राहतील अशा कोठडीत जतन करून ठेवली. पुढे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या नावे जी स्मारक-ग्रंथालये निघाली, त्यांचा आरंभ अनेक जण येथेच मानतात. छत्तीस वर्षांच्या वैधव्यानंतर १९१८ साली ती मरण पावली. संपूर्ण अमेरिकेतील स्त्रियांना मतदानाचा अधिकार राज्यघटनेने दिला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १९२० साली.

हे चित्र मनाशी ठेवून आता म्हैसूरकडे वळू.

म्हैसूर संस्थानाच्या इतिहासात १८८१ हे वर्ष पुनर्जन्माचे मानले जाते. १७९९ साली टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वडियार तिसरे यांना गादीवर बसविले. या पुनःस्थापनेसाठी राणी लक्ष्मम्मण्णी हिने हैदर आणि टिपू यांच्या अमदानीत अनेक वर्षे गुप्तपणे खटपट केली होती, हे येथे ध्यानात ठेवावे. म्हैसूरच्या राज्याचा धागा एका विधवा राणीने तुटू दिला नाही असा तो पहिला प्रसंग होय. पुढे १८३१ साली कारभारातील अव्यवस्थेचे कारण दाखवून इंग्रजांनी संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढील पन्नास वर्षे म्हैसूरवर कमिशनरांचे राज्य होते आणि त्याचे मुख्य ठाणे बंगळूर हे होते. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून सातारा, नागपूर व झाशी ही राज्ये खालसा केली, त्या काळात म्हैसूरच्या भवितव्याविषयीही कोणाला खात्री नव्हती. अखेर २५ मार्च १८८१ रोजी कृष्णराजांचे दत्तक पुत्र चामराजेंद्र वडियार यांच्या स्वाधीन राज्य करण्यात आले. बंगळूरची लष्करी छावणी मात्र इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवली.

चामराजेंद्रांचा विवाह त्यापूर्वीच, १८७८ साली, कळले घराण्यातील केंपनंजम्मण्णी यांच्याशी झाला होता. कळले हे म्हैसूरच्या दळवाईंचे, म्हणजे सेनापतींचे, जुने घराणे. वधूचा जन्म १८६६ सालचा. म्हणजे लग्नाच्या वेळी ती बारा वर्षांची होती. देशात तेव्हा महादुष्काळ नुकताच सरत होता. १८७६ ते १८७८ या काळात एकट्या म्हैसूर राज्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली होती. ज्या राज्याची ती राणी होणार होती, ते राज्य भुकेने अर्धमेले झालेले राज्य होते. पुढे तिच्या काळात पाण्याच्या मोठ्या कामांवर एवढा भर का दिला गेला, याचे एक कारण या दुष्काळाच्या आठवणीत आहे.

पुढील तेरा वर्षे केंपनंजम्मण्णी राजाची पत्नी म्हणून राजवाड्यात होत्या. त्यांना तीन कन्या व दोन पुत्र झाले. थोरले पुत्र कृष्णराज यांचा जन्म १८८४ चा. या काळात राज्यकारभारात प्रथम रंगाचार्लू आणि १८८३ पासून शेषाद्री अय्यर हे दिवाण होते. १८८१ साली लोकप्रतिनिधींची सभा स्थापन झाली. भारतीय संस्थानांत हा प्रकार त्या वेळी अगदी नवा होता, जरी त्या सभेला केवळ मत मांडण्याचा अधिकार होता तरी. त्याच वर्षी म्हैसूर शहरात मुलींची एक शाळा निघाली. महाराणींच्या नावाने चाललेली ही शाळा १९०१ साली महाविद्यालयाच्या पायरीवर पोहोचली. १८९४ साली आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहास बंदी करणारा कायदा राज्याने केला. आजच्या दृष्टीने आठ ही मर्यादा फारच अल्प वाटेल. परंतु तीन वर्षांपूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात जे वादळ उठले होते ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पावलाचे मोल कळेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस महाराज कलकत्त्यास गेले होते. तेथे घटसर्पाने त्यांना गाठले आणि २८ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. केंपनंजम्मण्णी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. थोरला मुलगा दहा वर्षांचा.

श्रोतेहो, या प्रसंगाचे गांभीर्य नीट लक्षात घेतले पाहिजे. पन्नास वर्षांनी परत मिळालेले राज्य पुन्हा एका अज्ञान मुलाच्या नावावर आले होते. राजा अज्ञान असला की कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती जातो, हा अनुभव म्हैसूरच्या लोकांना चांगलाच परिचित होता. इतर संस्थानांची उदाहरणेही फारशी धीर देणारी नव्हती. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी दत्तक पुत्राच्या नावे राज्य चालविण्याची केलेली मागणी १८५४ साली फेटाळली गेली होती. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांच्या मृत्यूनंतर, १८२७ पासून, बायजाबाईंनी मोठ्या कर्तबगारीने राज्य केले. परंतु दत्तक पुत्र जनकोजीराव यांच्याशी वितुष्ट आले आणि १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. बडोद्यात १८७५ साली महाराणी जमनाबाईंना दत्तक निवडण्याचा मान मिळाला. कवळाण्याच्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि पुढे सयाजीराव गायकवाड म्हणून त्यांची कीर्ती झाली; तथापि कारभार मात्र दिवाण टी. माधवराव यांच्याकडे सोपविला गेला. म्हणजे विधवा राणीला एक तर अधिकार नाही, किंवा अधिकार आहे पण तो अखेर मुलाशीच संघर्ष करून गमवावयाचा, असे दोनच मार्ग इतिहासाने दाखविले होते.

म्हैसूरला तिसरा मार्ग निघाला. १ फेब्रुवारी १८९५ रोजी बालराजे कृष्णराज यांना गादीवर बसविण्यात आले आणि महाराणींची राजप्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. महाराजांचे अधिकार त्यांच्या ठिकाणी आले. कारभाराला दिवाण शेषाद्री अय्यर आणि त्यांच्या जोडीला एक सल्लागार मंडळ होते. महत्त्वाच्या प्रश्नांवर अखेरची संमती महाराणींची असे. ही व्यवस्था साडेसात वर्षे टिकली.

अमेरिकेतील त्या विधवेशी तुलना केली, तर येथे एक विरोधाभास दिसून येतो. लोकसत्ताक राज्यात पत्नीला पतीचा वारसा मिळू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. सत्ता ही कोणाची कौटुंबिक मालमत्ता नव्हे. परंतु त्याच लोकसत्ताक राज्यात स्त्रीला स्वतःच्या हक्काने सत्तेवर येण्याचाही मार्ग त्या काळी मोकळा नव्हता. ल्युक्रेशिया गारफील्ड कितीही विदुषी असली, तरी तिला साधे मतसुद्धा देता येत नव्हते. उलट म्हैसूरच्या राणीला जी सत्ता मिळाली ती तिच्या गुणांमुळे नव्हे, तर ती एका राजाची विधवा व दुसऱ्या राजाची आई होती म्हणून. एकीकडे तत्त्व चांगले, पण स्त्रीला वगळणारे. दुसरीकडे तत्त्व जुने, पण स्त्रीला अचानक राज्याच्या शिखरावर नेऊन बसविणारे. यांपैकी कोणतीही व्यवस्था स्त्रीला माणूस म्हणून न्याय देणारी नव्हती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

याच काळी सामान्य विधवेची दशा काय होती, तेही पाहावे. पंडिता रमाबाईंचा जन्म म्हैसूर राज्याच्याच हद्दीतील गंगामूळच्या अरण्यात झाला होता. त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या, तेथील स्त्रियांनी बोस्टन येथे स्थापन केलेल्या मंडळाचे साहाय्य मिळवून त्या परतल्या आणि १८८९ साली त्यांनी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदासदन उघडले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. केशवपन, एकवेळचे जेवण, घरातील काळोखी कोपरा. सहस्रावधी तरुण विधवांचे जीवन एवढ्यापुरतेच उरले होते. त्याच वर्षांत त्याच वयाची एक विधवा एका मोठ्या राज्याचा कारभार पाहत होती. यावरून स्त्रीच्या बुद्धीत काही उणे असते, या समजुतीला कोणता आधार उरतो?

राजप्रतिनिधित्वाचा काळ सुखाचा मुळीच नव्हता. १८८१ च्या करारान्वये म्हैसूरने इंग्रज सरकारला द्यावयाची वार्षिक खंडणी साडेचोवीस लाखांवरून पस्तीस लाखांवर जावयाची होती. ही वाढ दोन वेळा पुढे ढकलली गेली होती. १८९६ पासून ती लागू झाली. १८९७ च्या फेब्रुवारीत थोरल्या राजकन्येच्या, जयलक्ष्मम्मण्णींच्या, विवाहसमारंभातच म्हैसूरच्या जुन्या लाकडी राजवाड्याला आग लागली आणि त्याचा बराचसा भाग भस्मसात झाला. हेन्री आयर्विन या वास्तुशास्त्रज्ञाकडे नव्या वाड्याची योजना सोपविण्यात आली. तो वाडा १९१२ साली पुरा झाला आणि त्याला एक्केचाळीस लाखांवर खर्च आला. आज लक्षावधी प्रवासी त्याची रोषणाई पाहावयास जातात. दुष्काळ व साथी यांनी गांजलेल्या प्रजेच्या राज्यात एवढा खर्च वाड्यावर व्हावा का, हा प्रश्न विचारणे मात्र अनुचित ठरणार नाही.

त्याच वर्षी, २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, महाराणींच्या हस्ते बंगळूरच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाची कोनशिला बसविण्यात आली. ही तारीख मराठी वाचकांच्या चांगली परिचयाची आहे. त्याच दिवशी रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. प्लेगच्या बंदोबस्तासाठी घराघरांत गोरे सोजीर घुसविल्याबद्दलचा तो संताप होता. त्याच साथीत मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता निवर्तल्या होत्या. एकाच साम्राज्यातील दोन शहरांत एकाच दिवशी घडलेल्या या दोन घटना परस्परांशेजारी ठेवून पाहाव्यात. राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातील विश्वास म्हणजे काय, हे त्यांवरून कळते.

प्लेगने बंगळूरलाही सोडले नाही. ऑगस्ट १८९८ मध्ये रोग रेल्वेने हुबळीच्या बाजूने येथे येऊन ठेपला. जुन्या पेठेतील अरुंद गल्ल्या, दाट वस्ती आणि काळोखी घरे यांत तो वणव्यासारखा पसरला. लोक शहर सोडून पळू लागले. येथे राज्याच्या कारभाराची खरी कसोटी लागली. व्ही. पी. माधवराव यांना प्लेग कमिशनर नेमण्यात आले. साथीच्या कामात निरनिराळ्या ठाण्यांचा मेळ राहावा म्हणून शहरात दूरध्वनीच्या तारा टाकण्यात आल्या. दाट पेठेबाहेर रुंद रस्ते, मोकळी हवा आणि सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या नव्या वसाहतींना वेग आला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही आज बंगळूरची जुनी व प्रतिष्ठित उपनगरे मानली जातात. त्यांच्या आखीव रस्त्यांचे मूळ त्या भयंकर दिवसांत आहे. हेसरघट्टा येथील तलावातून नळाने पाणी आणण्याची योजना महाराजांच्या हयातीत आखली गेली होती. तिचे पाणी १८९६ साली शहरात पोहोचले आणि महाराजांचे नाव त्या योजनेला दिले गेले. अठराशेच्या शतकाअखेर बंगळूरला मोठे रुग्णालय, नळाचे पाणी आणि नवी वस्ती, या तिन्ही गोष्टी अशा रीतीने लाभल्या.

यानंतर दोन मोठ्या कामांचा उल्लेख केला पाहिजे.

पहिले काम मारीकणिवे येथील धरणाचे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील हिरियूरचा प्रदेश अवर्षणाचा. तेथे वेदावती नदी दोन डोंगरांच्या खिंडीतून वाहते. १८९८ साली या खिंडीत बांध घालण्याचे काम सुरू झाले आणि १९०७ साली ते पूर्ण झाले. या जलाशयालाच वाणीविलास सागर असे नाव आहे. पाणलोटाच्या मानाने तलाव इतका प्रचंड होता, की १९३३ साली तो भरून सांडव्यावरून वाहिल्यावर पुन्हा तसे दृश्य दिसावयास २०२२ साल उजाडावे लागले. एकोणनव्वद वर्षांनी पाणी सांडव्यावरून कोसळले तेव्हा ते पाहण्यास गावोगावचे लोक लोटले. अशा तलावाचे यश तो किती वेळा भरून वाहिला यावरून मोजता येत नाही. न भरताही त्याने कोरड्या प्रदेशाला शतकभर पाणी दिले, हे त्याचे खरे काम.

दुसरे काम शिवनसमुद्रचे. कावेरीच्या त्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत न्यावी, ही कल्पना कॅप्टन द लॉतबिनिएर या लष्करी अभियंत्याने मांडली. अंतर सुमारे ब्याण्णव मैल, म्हणजे जवळजवळ एकशे सत्तेचाळीस किलोमीटर. एवढ्या दूर वीज वाहून नेण्याचे प्रयोग तेव्हा जगात मोजक्याच ठिकाणी झाले होते. यंत्रसामग्री अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून मागविण्यात आली. राज्याच्या तिजोरीतून एवढी मोठी रक्कम एका अपरिचित विद्येवर लावावयाची, हे साधे धाडस नव्हते. १९०० साली काम सुरू झाले आणि ३० जून १९०२ रोजी कावेरीची वीज कोलारला पोहोचली. राजप्रतिनिधित्वाची मुदत संपावयास तेव्हा अवघे एकोणचाळीस दिवस उरले होते. १९०५ साली त्याच विजेने बंगळूरचे रस्ते उजळले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोलारच्या खाणी इंग्रज कंपन्यांच्या होत्या आणि त्यांची व्यवस्था लंडनच्या जॉन टेलर आणि मंडळींकडे होती. म्हणजे कावेरीची पहिली वीज शेतकऱ्याच्या झोपडीत गेली नाही. ती परदेशी भागधारकांचे सोने वर काढण्यासाठी गेली. राज्याला विजेचे मोल व सोन्यावरील स्वामित्वशुल्क मिळाले, आणि त्या उत्पन्नाने पुढील सुधारणांना पैसा पुरविला, हेही तितकेच खरे. पारतंत्र्यातील संस्थानाला आधुनिक होण्याची किंमत अशीच द्यावी लागत होती.

याच काळात जमशेटजी टाटांनी योजलेल्या विज्ञानसंस्थेचे स्थळ ठरावयाचे होते. सर विल्यम रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने पाहणी करून बंगळूरची शिफारस केली आणि म्हैसूर दरबाराने साहाय्याची तयारी दर्शविली. पुढे कृष्णराजांच्या कारकीर्दीत तीनशे एकाहत्तर एकर जमीन या संस्थेला मिळाली, आणि १९०९ साली तिची रीतसर स्थापना झाली. भारतीय विज्ञान संस्था आज जगभर प्रसिद्ध आहे.

आता एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. या कामांचे श्रेय कोणाचे? पुष्कळ इतिहासलेखकांनी ते दिवाण शेषाद्री अय्यर यांना दिले आहे. अठरा वर्षे दिवाणपद सांभाळलेल्या त्या असामान्य प्रशासकाच्या बुद्धीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. योजना त्यांनी आखल्या, अभियंते त्यांनी हाताशी धरले, आकडेमोड त्यांनी केली. मग राणीचे काय उरले? केवळ पाटीवरील नाव?

असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. कर्तबगार दिवाण लाभणे हा योग असतो; तो टिकवून धरणे ही कला असते. पतीने नेमलेल्या माणसावर विश्वास ठेवून त्याला सहा वर्षे काम करू देणे, दरबारी कानाफुशीला बळी न पडणे, आणि त्याच्या हातात राज्याचा सगळा गाडा देऊनही अखेरची संमती स्वतःकडे राखणे, हे राजनीतीचे थोर लक्षण आहे. शिवाजी महाराजांच्या मोठेपणाची एक खूण माणसांची पारख ही सांगितली जाते. ती खूण पुरुषाच्या बाबतीत गुण आणि स्त्रीच्या बाबतीत परावलंबन, असा भेद करता येणार नाही. १९०१ साली शेषाद्री अय्यर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वारले. त्यानंतरही शिवनसमुद्रचे काम थांबले नाही, धरणाचे काम थांबले नाही आणि कारभाराची घडी विस्कटली नाही. थोड्याच काळात पूर्णय्यांचे वंशज पी. एन. कृष्णमूर्ती यांच्याकडे दिवाणपद गेले. दिवाण बदलूनही धोरण बदलले नाही, याचा अर्थ धोरण धरून ठेवणारे कोणी तरी दिवाणाच्या वरच्या जागी होते.

दुसरा पुरावा मुलाच्या शिक्षणाचा. राजमातेला सत्ता टिकवावयाची असेल, तर मुलगा दुबळा व परावलंबी राहणे सोयीचे असते. येथे उलट घडले. १८९६ पासून बालराजांच्या शिक्षणासाठी मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी स्टुअर्ट फ्रेझर यांची नेमणूक झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना धारवाड येथे शिकविणारे गुरू हेच. मुलाला भाषा, इतिहास, कारभार यांबरोबर संगीत, अश्वारोहण आणि राज्यातील निरनिराळ्या भागांचा प्रवास घडविण्यात आला. ८ ऑगस्ट १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत अठरा वर्षांच्या कृष्णराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या दिवशी महाराणींचे अधिकार संपले. वाद झाला नाही, तह करावा लागला नाही, कोणाला राजधानी सोडून जावे लागले नाही. बायजाबाईंच्या शेवटाची आठवण ज्यांना आहे, त्यांना या शांततेचे मोल समजेल. कृष्णराजांनी पुढे अडतीस वर्षे राज्य केले. विश्वेश्वरय्या यांच्यासारखा दिवाण त्यांनी निवडला, आणि महात्मा गांधींनी त्यांचा ‘राजर्षी’ म्हणून गौरव केला. माणसे पारखून त्यांना काम करू देण्याची रीत त्यांनी प्रथम कोठे पाहिली असेल, याचा तर्क करणे अवघड नाही.

तिसरा पुरावा कामांच्या कालमर्यादेत आहे. मारीकणिवेचे धरण त्यांच्या मुदतीनंतर पाच वर्षांनी, विज्ञानसंस्था सात वर्षांनी आणि राजवाडा दहा वर्षांनी पुरा झाला. ज्याला आपली सत्ता ठराविक दिवशी संपणार हे ठाऊक आहे, तो बहुधा आपल्या हयातीत दिसतील अशीच कामे हाती घेतो. या राणीच्या काळात सुरू झालेल्या बहुतेक मोठ्या कामांची फळे दुसऱ्यांच्या ओटीत पडली.

सत्ता सोडल्यानंतर त्या आणखी बत्तीस वर्षे जगल्या. या काळात त्यांना वैयक्तिक दुःखेही सोसावी लागली. राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांचा क्षयाने मृत्यू झाला. त्यांच्या नावाने म्हैसूरला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. १९३४ साली महाराणींचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी बंगळूरला स्त्रिया व बालके यांच्यासाठी वाणीविलास रुग्णालय सुरू झाले. ज्या रुग्णालयाची कोनशिला त्यांनी बसविली होती, त्याच्याच शेजारी.

सारांश, या चरित्रातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की राज्यप्रमुखाची पत्नी ही केवळ शोभेची व्यक्ती नव्हे. संधी मिळाली तर ती राज्य सांभाळते, आणि संधी न मिळाल्यास ल्युक्रेशिया गारफील्डप्रमाणे एखाद्या कोठडीत इतिहासाची कागदपत्रे सांभाळते. दुसरी अशी, की अशी संधी वैधव्याच्या आणि मातृत्वाच्या मार्गाने यावी लागणे ही त्या युगाची उणीव होती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १९५० साली ती उणीव कायद्याने दूर केली. आता स्त्रीला सत्तेवर येण्यासाठी कोणाची विधवा असण्याचे कारण उरलेले नाही. मतदाराने निवडले म्हणजे पुरे.

वाणीविलास रुग्णालयात आजही रोज स्त्रिया प्रसूतीसाठी येतात. हे नाव कोणाचे, असे त्यांच्यापैकी कोणी विचारले, तर निदान एवढे उत्तर बंगळूरकरांना देता यावे: अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झालेली, साडेसात वर्षे राज्य सांभाळलेली आणि ठरल्या दिवशी ते मुलाच्या स्वाधीन करून बाजूला झालेली ती म्हैसूरची महाराणी.